शिवेपलीकडचें गवत

शीव या नांवाचा अर्थच सीमा. मुंबई बेट जेथें संपे आणि खाडीच्या दलदलीपलीकडे साष्टी सुरू होई, तेथें हें गांव. आणि गांवाच्या पूर्वेस, मिठागरांच्या बाजूला, कोळ्यांची जुनी वस्ती, तोच शीव कोळीवाडा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजांनीं शिवेच्या टेकडीवर किल्ला बांधला तो या सीमेच्या राखणीकरितां, कारण पलीकडची साष्टी तेव्हां पोर्तुगीजांची होती. १७३७ सालीं ती मराठ्यांनीं घेतली आणि १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हातीं गेली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गव्हर्नर डंकन यांच्या नांवाचा बांध खाडीवर पुरा झाला आणि शीव व कुर्ला यांच्यामध्यें गाड्या चालूं लागल्या. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडीहि शिवेवरूनच गेली. फौजा, गव्हर्नर आणि आगगाड्या यांची ये-जा इतिहासाच्या पुस्तकांत पानोपानीं सांपडते. या सीमेपलीकडून शंभर-सव्वाशें वर्षें शहराकडे येत राहिलेल्या एका साध्या मालाला मात्र त्या पुस्तकांत एखाद्या तळटीपेपुरतीच जागा मिळते. तो माल म्हणजे वाळलेलें गवत.

एकोणिसाव्या शतकांतील मुंबईचा दिनक्रम घोडा आणि म्हैस या दोन प्राण्यांवाचून चालण्यासारखा नव्हता. लष्कराचे घोडे, साहेबांच्या आणि शेटजींच्या बग्ग्या, भाड्याच्या व्हिक्टोरिया, आणि ९ मे १८७४ पासून ट्राम! ट्राम कंपनीच्या पागेंत नऊशें घोडे असत. कामाच्या घोड्यास दिवसाला सहा-सात शेर सुकें गवत लागतें असें धरलें तर या एका पागेलाच रोज सुमारें दीडशें मण गवत हवें. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली, ट्रामचे घोडे गेले, मागोमाग मोटारी आल्या. पण तोंवर शहराची वस्ती वाढली होती, आणि वस्तीबरोबर चहा व दूध. गिरण्यांच्या चाळींना आणि गिरगांव-दादरच्या बिऱ्हाडांना दूध पुरविणाऱ्या म्हशी शहरांतल्याच गोठ्यांत बांधलेल्या असत. त्यांना चरायला रान नव्हतें. त्यांचें रान रोज त्यांच्या दारीं आणून टाकावें लागे.

प्रारंभीं हें रान शहरांतच होतें. चर्नी रोड या नांवाची उपपत्ति पुष्कळजण गुरांच्या चरणीशीं लावतात. १८३८ सालीं सरकारनें चराईवर कर बसविला, तेव्हां जमशेटजी जीजीभाई यांनीं ठाकुरद्वाराजवळ वीस हजार रुपयांस कुरण विकत घेऊन तें गरिबांच्या गुरांस मोकळें केलें, असें सांगतात. ठाण्याच्या चेंदणीवरून हें नांव पडलें असें म्हणणाराहि एक पक्ष आहे. वाद कसाहि सुटो; गिरगांवांत एके काळीं गुरें चरत होतीं ही गोष्ट त्यानें खोटी ठरत नाहीं. मग वस्ती उत्तरेस सरकूं लागली. प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें पुढें दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव येथील शेतांवर व पडीक जमिनींवर सरळ रस्ते आंखले, आणि बेटावरचें गवत संपत आलें. शिवडीच्या बाजूस हे बंदर नांवाची जागा आहे. नवख्या माणसाला 'हें बंदर' म्हणजे कोणतें बंदर, असा प्रश्न पडावा. पण हें आपलें मराठी सर्वनाम नव्हे. वाळल्या गवताला इंग्रजींत 'हे' म्हणतात, आणि गवताच्या व्यापाराची ती खूण शहराच्या नकाशावर अजून शिल्लक आहे. कुरणाची हद्द अशा रीतीनें गिरगांवाहून शिवेला, शिवेहून ठाण्याला, आणि तेथून वसई, पालघर, डहाणू, थेट पारडीपर्यंत हटत गेली.

हद्द जसजशी लांब गेली तसतसें एक साधें सत्य व्यापाऱ्यास भोंवूं लागलें : हिरवें गवत लांबून आणतां येत नाहीं. पहिली अडचण वजनाची. दसऱ्याच्या सुमारास कापलेल्या गवतांत शेंकडा साठ भाग पाणी आहे असें धरूं. वखारींत रचण्याजोगें गवत म्हणजे ज्यांत पाणी शेंकडा पंधराच्या आसपास उरलें आहे असें. हिशेब सोपा आहे. पांचशें पौंड वाळलें गवत हवें असेल तर सुमारें एक हजार साठ पौंड हिरवें कापावें लागतें, आणि मधले साडेपांचशेंहून अधिक पौंड हें निव्वळ पाणी. घासलेटच्या डब्यांनीं मोजलें तर चौदा डबे! एवढें पाणी आगगाडीचें भाडें भरून मुंबईस आणणारा व्यापारी लवकरच दिवाळें काढील. दुसरी अडचण याहून भयंकर. ओलसर गवत दाबून रचलें कीं तें मेलेलें नसतें. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो, त्यांत बुरशी व जंतू वाढतात, आणि गंजीच्या पोटांत उष्णता सांठत जाते. ती सत्तर अंशांच्या पुढें गेली कीं जंतूंचें काम संपतें आणि रासायनिक ज्वलनाचें सुरू होतें. बाहेरून कोणी काडी न लावतां गंज आंतून पेटते, आणि तीहि बहुधा रचल्यापासून कांहीं आठवड्यांनीं, म्हणजे सारे निर्धास्त झाल्यावर. गर्दीच्या शहरांत गवताची वखार नेहमींच भयाची जागा मानली गेली, ती कांहीं केवळ विडीच्या ठिणगीमुळें नव्हे.

तेव्हां सारा व्यापार एका प्रश्नावर येऊन ठेपतो. कापलेलें गवत वाळावयास किती दिवस लागतात? हा प्रश्न ऊन आणि वारा यांचा आहे असें कोणासहि वाटेल. परंतु शिवेच्या परिसरांत वाळविण्याचे जे दुसरे दोन धंदे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांकडे पाहिलें तर उत्तर अपुरें वाटूं लागतें. मिठागरांतलें पाणी उघडें असतें. ऊन पडलें कीं तें उडतें. कोळीवाड्यांतून दोऱ्यांवर टांगलेल्या बोंबलाच्या शरीरांत शेंकडा पंच्याऐंशींहून अधिक पाणी असतें, तरी तो तीन-चार दिवसांच्या उन्हांत कडक होतो. आतां त्याच उन्हांत द्राक्षांचा घोंस ठेवावा. द्राक्षांतहि पाणी शेंकडा ऐंशींच्याच आसपास. पण तीं सुकण्यास तीन-चार आठवडे लागतात. ऊन तेंच, वारा तोच, पाणीहि जवळजवळ तेवढेंच. भेद आहे तो कातडीचा. बोंबलाच्या मऊ कातडींतून पाणी सहज निसटतें, द्राक्षाला मेणाचा अंगरखा आहे.

असा अंगरखा गवताच्या पात्यालाहि असतो. अळवावरचें पाणी ही म्हण ज्यांच्या तोंडीं आहे त्यांना हें मेण ठाऊकच आहे, मग तें त्याला मेण म्हणोत वा न म्हणोत. अळवावर थेंब ठरत नाहीं, मोत्यासारखा घरंगळतो, कारण पानावर मेणाचे अतिसूक्ष्म कण उभे असतात. उसाच्या पेराखालीं बोटास लागणारी पांढरी भुकटी, जांभळावरची निळसर झांक, हींहि मेणाचींच रूपें. पानाच्या बाह्य त्वचेवर एक पातळ पापुद्रा असतो; तिला उपत्वचा म्हणतात, आणि बहुतेक पानांवर ती माणसाच्या केसाच्या दशांशाहूनहि पातळ असते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रॉन्यार यानें १८३४ सालीं ती पानापासून सोडवून दाखविली, आणि जर्मन शास्त्रज्ञ द बारी यानें १८७१ सालीं तिच्यावरील मेणाच्या कणांचें, कांड्यांचें व थरांचें वर्गीकरण केलें. मेण जितकें जाड तितकें पाणी अडतें, अशी पुष्कळ दिवस समजूत होती. ती फारशी खरी नव्हे. १९७६ सालीं शोनहेर या जर्मन शास्त्रज्ञानें उपत्वचेंतील मेण द्रावकानें धुऊन काढलें, तेव्हां तिच्यांतून पाणी तीनशें ते पांचशें पट वेगानें जाऊं लागलें. म्हणजे अडवणारें खरें द्रव्य मेणच. परंतु त्याची जाडी आणि अडवणूक यांचें प्रमाण जमत नाहीं. पुष्कळ मेण असलेलें पान पाणी सोडतें आणि थोडें मेण असलेलें राखतें. महत्त्व आहे तें मेणाचे रेणू एकमेकांस किती घट्ट बिलगून बसले आहेत याला. कौलें घराच्या छपरावर किती आहेत यापेक्षां तीं बसविलीं कशीं, यावर गळणें न गळणें ठरतें, तसाच हा प्रकार.

विळ्यानें गवत कापलें कीं पहिले एक-दोन तास पात्यावरचीं पर्णरंध्रें उघडीं असतात आणि पाणी झपाट्यानें जातें. मग मुळाकडून येणारें पाणी तुटल्याची जाणीव जणूं पानास होते आणि रंध्रें मिटतात. येथून पुढचें बहुतेक पाणी मेणाच्या भिंतींतूनच पाझरून जावें लागतें, आणि वाळवणीचा रेंगाळणारा काळ तो हाच. पातीं त्यांतल्या त्यांत लवकर सुकतात. कांडें, त्यांतहि पानाच्या आवरणानें गुंडाळलेलें कांडें, मागें राहतें. वरचें गवत हातांत कुरकुरतें म्हणून गंज रचणाऱ्या नवशिक्याची फसगत होते ती येथें. जाणता माणूस पातें चुरगाळून पाहत नाहीं, कांडें पिळून पाहतो.

ठाणें जिल्ह्यांतील कुरणांत शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी अशीं नाना जातींचीं गवतें येतात. त्यांची कापणी कधीं करावी हा मोठा पेंचाचा प्रश्न असे, आणि आहे. भाद्रपदांत गवत कोंवळें व कसदार असतें, पण आभाळ उघडलेलें नसतें आणि पात्यांत पाणी अतोनात. कार्तिकांत ऊन कडक असतें आणि गवत उभ्याउभ्याच अर्धें वाळलेलें असतें, पण तोंपर्यंत त्याचा कस बियांत आणि मुळांत उतरून गेलेला असतो. कुसळीची कुसळें एकदां कडक झालीं कीं तीं गुरांच्या तोंडांत रुततात. म्हणून दसरा-दिवाळीच्या मधले थोडे दिवस हा काय तो खरा हंगाम. दिवसां ऑक्टोबरचें ऊन. रात्रीं दंव पडतें आणि दिवसा मिळविलेलें थोडें गमावतें. सकाळीं दंव उडाल्यावर कापणें, पातळ पसरणें, उलथणें, सांजेस ढीग करणें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पसरणें, हा क्रम कोणा शास्त्रज्ञानें शिकविलेला नाहीं.

यांत एक मौज आहे. जें मेण वाळवणीस अडवतें तेंच अवेळच्या पावसांत गवताला तारतें. नुकत्याच कापलेल्या गवतावर सर आली तर बरेंचसें पाणी अळवावरच्यासारखें निथळून जातें आणि आंतला कस आंतच राहतो. तीच सर तीन दिवस वाळलेल्या गवतावर आली तर पेशी मोडलेल्या असल्यामुळें गवत पाणी पितें, त्यांतील साखर आणि क्षार धुऊन जातात, रंग काळवंडतो. दिवाळीच्या तोंडावरचा पाऊस गवताच्या व्यापाऱ्यास श्रावणांतल्या झडीहून अधिक झोंबतो तो याच कारणानें.

युरोप-अमेरिकेंत, जेथें ऊन दुर्मिळ, तेथें विसाव्या शतकांत या मेणावर सरळ हल्ला चढविण्यांत आला. कापणीयंत्रालाच दोन रूळ जोडून गवत त्यांतून चिरडीत न्यावें, म्हणजे कांडें फुटतें आणि मेणाच्या भिंतीला भेगा पडतात. १९७० नंतर दुसरी युक्ति निघाली; लसूणघासावर कापतांनाच पोटॅशियम कार्बोनेटचें पाणी फवारावें. त्यानें लसूणघास लवकर वाळतो. गवतावर मात्र तिचा प्रभाव फारसा पडत नाहीं. मेण मेणासारखें नसतें, एवढाच त्याचा अर्थ.

पण ही युक्ति नवी नव्हेच. रोमन ग्रंथकार कोलुमेला यानें पहिल्या शतकांत द्राक्षें सुकविण्यापूर्वीं राखेच्या पाण्यांत तेल घालून त्यांत बुडवावीं असें लिहून ठेवलें आहे, आणि राखेच्या पाण्यांतला मुख्य क्षार पोटॅशियम कार्बोनेटच. तीच रीत महाराष्ट्रांत आज सांगली जिल्ह्यांतील तासगांवच्या बेदाण्यांत पाहावयास मिळते. लिटरभर पाण्यास सुमारें पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिलिलिटर डिपिंग ऑइल या प्रमाणांत द्रावण करून घोंस त्यांत बुडवितात व सांवलींत जाळ्यांवर पसरतात. द्राक्षावरच्या मेणाची घडी विस्कटते आणि तीन-चार आठवड्यांचें काम पंधरवड्याच्या आसपास उरकतें. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो पाणी ज्या वाटेनें गेलें ती वाट त्या द्रावणानें मोकळी केलेली असते.

डहाणू-उंबरगांवच्या डोंगरउतारावरच्या गवताला ना रूळ मिळाले ना द्रावण. तेथें मेणाशीं झुंजणारें साधन एकच होतें : वारली स्त्री-पुरुषांचे हात. कापणें, पसरणें, उलथणें, भारे बांधणें, डोक्यावरून वाहणें, सारें त्यांच्याकडे. आणि जमीन जमीनदाराची, सावकाराची, गवताच्या व्यापाऱ्याची. वेठ तर होतीच, शिवाय लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं जन्मभर राबणारा लग्नगडीहि होता. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली, तिला या भागांतले वारली गेले. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें त्यांची स्वतःची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही गोष्टी नाकारण्याचें ठरलें. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनीं या चळवळीचें नेतृत्व केलें. लगेच पुढें आला तो गवताचा हंगाम. मागणी अशी होती : पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये.

पांचशें पौंड म्हणजे सुमारें सहा मण. वर केलेला हिशेब येथें पुन्हां आठवावा. पांचशें पौंड हिरव्या गवताचे आणि पांचशें पौंड वाळल्या गवताचे, यांत विळा चालविणाऱ्याच्या दृष्टीनें दुपटीचें अंतर आहे. तराजूंत वाळलेलें गवत पडलें तर उडून गेलेल्या चौदा डबे पाण्याची मजुरी कोणी देत नाहीं, जरी तें पाणी असलेलें गवत कापलें, उचललें आणि उलथलें त्याच हातांनीं. वजनावर मजुरी ठरते तेथें वाळवणीचा प्रत्येक दिवस हा मजुरीचाहि प्रश्न असतो.

संप झाला. हंगाम थोड्या दिवसांचा असल्यामुळें त्याची धार मालकांना लगेच जाणवली असली पाहिजे; गिरणींतल्या संपांत यंत्रें थांबतात, पण कापूस कुजत नाहीं. गवत मात्र थांबत नाहीं. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे अशीं पांच माणसें ठार झालीं. पुढच्या वर्षीं परुळेकर दांपत्यास जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें, तरी चळवळ थांबली नाहीं. या सगळ्याची हकीकत गोदावरीबाईंनीं पुढें 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत लिहिली. १९७० सालीं निघालेल्या या पुस्तकास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. मुंबईच्या गोठ्यांत त्या ऑक्टोबरांत दूध काढणाऱ्या माणसाला हें तलवाडा कोठें आहे हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

शहराकडून या प्रश्नाला एक निराळेंच उत्तर मिळालें. १९४९ सालीं गोरेगांवजवळ आरे येथें दुग्धवसाहत उभारण्यास आरंभ झाला आणि शहरांतल्या म्हशी तेथें नेण्यांत येऊं लागल्या. वसाहतींत पॅरा गवत लावण्यांत आलें. गोठे धुतलेल्या पाण्यावर तें वाढे, कापलें कीं हिरवेंच दावणीस पडे. म्हैस गवताजवळ गेली, म्हणून वाळविण्याची, दाबण्याची आणि वाहण्याची यातायात तेवढ्यापुरती संपली. परंतु सगळ्या म्हशी आरेस गेल्या नाहींत आणि गवताचा व्यापारहि सुटला नाहीं.

तो न सुटण्याचें एक कारण १९४८ च्या कूळकायद्यांत आहे. जमीन कसणाऱ्यास त्या कायद्यानें हक्क मिळाले. गवताच्या जमिनीला कूळ लागत नाहीं. ना नांगर, ना बी-बियाणें, वर्षांतून एकदां कापणारे हात लावले कीं झालें. जमिनी कुरणाखालीं ठेवण्यांत जमीनदाराचें दुहेरी हित होतें. तेव्हांच्या मुंबई राज्यांत, सुरत जिल्ह्याच्या पारडी तालुक्यांत, अशा घासिया जमिनींचा पसारा एवढा होता कीं तेथील आदिवासींस धान्य पिकवावयास जमीन उरली नव्हती. १ सप्टेंबर १९५३ रोजीं ईश्वरलाल देसाई आणि अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखालीं तेथें सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रही खाजगी कुरणांत शिरून गवताच्या जागीं नांगर धरीत आणि अटक करून घेत. गवत कापावयास न जाण्याचीहि शपथ घेतलेली होती, त्यामुळें कुरणें हंगामांत उभींच वाळत. हा लढा चौदा वर्षें चालला. मधल्या काळांत मुंबई राज्याचे दोन भाग होऊन पारडी गुजरातेंत गेलें. १९६७ सालीं तडजोड झाली, आणि त्या घासिया जमिनींपैकीं हजारों एकर जमीन भूमिहीन आदिवासींस कसण्यासाठीं देण्याचें ठरलें.